वाचकांचे प्रश्न : नकाशा अडखळतो कुठे?

या खेपेच्या टपालात फोनवरच्या नकाशांबद्दल इतकी पत्रं आली की सबंध सदर त्यांनाच दिलं आहे. कुणाचा फोन अडखळतो, कुणाचा हात थरथरतो, कुणाला पडदा दिसतच नाही. पत्रं निरनिराळी असली तरी अडचणीचं मूळ बरेचदा एकच निघतं. वापरणाऱ्याकडे नवा फोन, दोन मोकळे हात, चांगली नजर आणि भरपूर नेटवर्क आहे, असं धरूनच नकाशाचं अ‍ॅप बनवलेलं असतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी नकाशा हातातून निसटतो. तो पुन्हा हातात कसा आणायचा, ते एकेका पत्राच्या निमित्तानं पाहू.

प्रश्न (सांगली) : माझा फोन चार वर्षांचा, रॅम ३ जीबी. यूट्यूब व्यवस्थित चालतं, पण नकाशा बोटानं सरकवला की झटके देतो आणि मध्येच नुसते करडे चौकोन दिसतात. नवा फोन घ्यावाच लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. झटके हा फोनच्या ताकदीचा प्रश्न आहे आणि करडे चौकोन हा नेटवर्कचा.

आधी झटके. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रं मागतो, म्हणजे एक चित्र तयार करायला फोनला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर ८.३च. तेवढ्यात चित्र झालं नाही तर पडदा आधीचंच चित्र पुन्हा दाखवतो आणि आपल्याला ठेच लागल्यासारखं वाटतं. व्हिडिओत पुढचं चित्र कोणतं हे आधीच ठरलेलं असतं, शिवाय तो उलगडण्यासाठी चिपमध्ये खास वेगळा भाग असतो. नकाशाला तुमचं बोट कुठे वळेल हे ठाऊक नसतं. आजचे नकाशे तयार चित्र म्हणून येतही नाहीत. रस्ते, ओढे, इमारती यांचे बिंदू आणि रेषा येतात आणि चित्र फोन स्वतः काढतो. त्यात नावांचं काम फार जड. कुठलं नाव ठेवायचं, कुठलं गाळायचं, दोन नावं एकमेकांवर चढत तर नाहीत ना, हे नकाशा जरा फिरला की नव्यानं ठरवावं लागतं. म्हणून पेठेतल्या गजबजलेल्या भागात नकाशा अडखळतो आणि शिवारात तोच फोन सरळ चालतो.

आता चौकोन. सगळ्या जगाचा नकाशा चौकोनी तुकड्यांत कापलेला असतो आणि झूमच्या दर पायरीला तुकडे चौपट होतात. शून्याव्या पायरीला एक, दहाव्या पायरीला १०,४८,५७६, पंधराव्या पायरीला १०७ कोटींहून जास्त. फोन त्यातले पडद्यापुरते तुकडे मागवतो. पण भराभर झूम केलं की मधल्या पायऱ्यांचेही मागवले जातात, आणि नेटवर्क बारीक असलं की रांग लागते. तुकडा येईपर्यंत त्या जागी करडा चौकोन दिसतो.

दोष कुठे आहे हे पाच मिनिटांत कळतं. घरच्या वायफायवर तुमचा भाग उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे तुमचं चित्र असतं, तिथून ‘ऑफलाइन नकाशे’, मग ‘स्वतःचा नकाशा निवडा’, चौकट हवी तेवढी करून ‘डाउनलोड’. मग फोन विमान मोडवर टाका आणि त्याच भागात नकाशा सरकवा. आता सुरळीत चालला तर अडचण नेटवर्कची होती आणि ती सुटलीही. तरीही झटके आले तर फोनकडे वळा.

फोनच्या बाबतीत या क्रमानं जा. स्तरांच्या बटणातून उपग्रह दृश्य बंद करा. ते खरे फोटो असतात, रेषांच्या नकाशापेक्षा कितीतरी जड. त्याच ठिकाणी ३डी आणि स्ट्रीट व्ह्यूही बंद करा. रहदारी लागेल तेव्हाच चालू. मग फोनची साठवण बघा. ती काठोकाठ भरली असेल तर लिहिण्याचा वेग पडतो, आणि नकाशा तर सतत तुकडे लिहून ठेवत असतो. निदान दहावा हिस्सा मोकळा ठेवा. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मॅप्स, स्टोरेज इथे जाऊन ‘कॅशे साफ करा’. शेजारचं ‘डेटा साफ करा’ दाबू नका, उतरवलेले नकाशे त्यात जातात. विकसक पर्यायांत जाऊन अ‍ॅनिमेशन अर्ध्यावर आणायचा सल्ला हमखास मिळतो. त्यानं खिडक्या उघडण्या-मिटण्याचा वेग बदलतो, नकाशा काढण्याच्या कामाला काही मदत होत नाही.

पहिली दहा मिनिटं ठीक आणि नंतर झटके, असं होत असेल तर ती उष्णता आहे. जीपीएस, पडदा पूर्ण उजेडात, वर चार्जिंग आणि काचेतून येणारं ऊन, हे सगळं एकदम आलं की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. आयफोन वापरण्यासाठी अ‍ॅपलनं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे. मे महिन्यात अकोल्या-नागपुरात गाडीबाहेरच त्याहून जास्त असतं. फोन काचेला चिकटवण्याऐवजी एसीच्या झडपेसमोर लावा, जाड कव्हर काढा, आणि जमल्यास निघण्याआधीच चार्ज करून घ्या.

ऑफलाइन नकाशाच्या मर्यादाही माहीत असू द्या. गूगलच्या ऑफलाइन नकाशात गाडीचा मार्ग मिळतो. पायी, सायकल आणि बस-रेल्वेचा मिळत नाही, रहदारी आणि पर्यायी रस्तेही दिसत नाहीत. नकाशाला मुदत असते, ती संपत आली की वायफायवर तो आपोआप नवा होतो. पायी फिरणाऱ्यांनी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड पाहावं. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या, माहितीवर चालतात आणि पायवाटांचा मार्गही नेटशिवाय काढतात. जुन्या फोनसाठी आमची पसंती ऑरगॅनिक मॅप्सला आहे.

प्रश्न (नाशिक) : मोठा पडदा म्हणून टॅबलेट घेतला. घरी निळा ठिपका बरोबर दिसतो, गाडीत मात्र जागचा हलत नाही. टॅबलेट खराब आहे का?

उत्तर : टॅबलेट चांगला आहे, त्यात जीपीएस नसावं. आयपॅडच्या फक्त वायफाय असलेल्या आवृत्तीत जीपीएस नसतं, सिम चालणाऱ्या आवृत्तीत असतं. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून खरेदीआधी तपशिलात ‘जीपीएस’ हा शब्द शोधा. घरी ठिपका बरोबर येतो तो आजूबाजूच्या वायफाय राउटरांवरून. हमरस्त्यावर राउटर नाहीत, मग ठिपका कशावरून हलणार? याच कारणानं घर बदलून राउटर सोबत नेला की काही दिवस नकाशा जुनाच पत्ता दाखवत राहतो. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ पाहायची सवय लावा. ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे’ असं फोन तिथे सांगत असतो. ब्लूटूथनं जोडायचे जीपीएस रिसीव्हर मिळतात, पण घेण्याआधी तो तुमच्या टॅबलेटला चालतो का ते बघा.

प्रश्न (रत्नागिरी) : आईला कंपवात आहे. दोन बोटांनी चिमटा काढून झूम करणं तिला जमत नाही, भलतंच काहीतरी दाबलं जातं. तिला रिक्षावाल्याला रस्ता दाखवण्यापुरता नकाशा हवा आहे.

उत्तर : एका बोटानं झूम होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. नकाशावर दोनदा टिचकी मारायची, दुसऱ्या टिचकीला बोट न उचलता तसंच खाली ओढायचं, नकाशा जवळ येतो. वर ओढलं की लांब जातो. अंगठ्यानंही होतं. नुसत्या दोन टिचक्यांनी एक पायरी जवळ, आणि दोन बोटांनी एकदम एक टिचकी मारली की एक पायरी लांब. नकाशा चुकून तिरपा-वाकडा झाला तर होकायंत्राचं चिन्ह दाबायचं, उत्तर दिशा पुन्हा वर येते.

चुकीची टिचकी थोपवायची सोय फोनमध्येच आहे. आयफोनवर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, मग ‘टच अकोमोडेशन्स’. तिथे ‘होल्ड ड्युरेशन’ म्हणजे बोट किती वेळ टेकलं तर दाबलं असं मानायचं, आणि ‘इग्नोर रिपीट’ म्हणजे थरथरीमुळे लागोपाठ पडलेल्या टिचक्या एकच धरायच्या. सेकंदाच्या दहाव्या भागापासून सुरू करा आणि थोडं थोडं वाढवा. एकदम जास्त ठेवलं तर फोन मेल्यासारखा वाटतो आणि आई तो बाजूला ठेवून देईल. दोन टिचक्यांनी झूम जमतं का, हे दर वेळी वाढवल्यावर पाहा. अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘स्पर्श करा आणि धरून ठेवा’ याचा अवधी कमी, मध्यम, लांब असा मिळतो. तो लांब ठेवला की नको तिथे पिन पडणं कमी होतं.

पडद्यावरचे घटक मोठे करायला नुसता अक्षरांचा आकार वाढवून भागत नाही, नकाशावरची नावं बरेचदा तशीच बारीक राहतात. ‘डिस्प्ले आकार’ एक-दोन पायऱ्या वाढवा, त्यानं बटणं मोठी होतात आणि बहुधा नावंही.

आणि त्यांच्या कामासाठी नकाशात शिरायची गरजच कशाला? अँड्रॉइडच्या होम स्क्रीनवर बोट दाबून धरा, विजेट्समध्ये मॅप्सचं ‘दिशानिर्देश’ विजेट आहे. त्यात घराचा पत्ता भरून पडद्याच्या मधोमध ठेवा. त्या एकाच ठिकाणी बोट टेकवायचं, रस्ता सुरू.

प्रश्न (पुणे) : घाटात शेजारच्या सीटवर बसून नकाशा पाहिला की मला चक्कर येते.

उत्तर : गाडी वळते तसा नकाशाही गर्रकन फिरतो, वर तो तिरपा असतो. डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरंच. गूगल मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये ‘नेव्हिगेशन’ खाली ‘नकाशा उत्तर दिशेला ठेवा’ चालू करा. मग नकाशा स्थिर राहतो आणि फक्त बाण फिरतो. दोन बोटं एकदम वर-खाली ओढून तिरपेपणा घालवता येतो. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत आयफोनवर ‘मोशन कमी करा’ आणि अँड्रॉइडवर ‘अ‍ॅनिमेशन काढून टाका’ हेही करून ठेवा. एवढं करूनही त्रास होत असेल तर पडदा बंद करून नुसता आवाज ऐका, मार्गदर्शन चालू राहतं.

प्रश्न (सोलापूर) : मी पूर्ण अंध आहे, अँड्रॉइडवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) वापरतो. नकाशावर बोट फिरवलं तर काहीच बोललं जात नाही. मित्राच्या आयफोनवर बोलतं म्हणे. खरं आहे का? पायी जाण्यासाठी नकाशा कितपत भरवशाचा?

उत्तर : खरं आहे, आणि कारण आखणीच्या पद्धतीत आहे. टॉकबॅक किंवा आयफोनवरचं तसंच व्हॉइसओव्हर बटणं आणि मजकूर वाचतात, कारण त्यांची यादी अ‍ॅप फोनला देतं. नकाशा मात्र सगळा मिळून एकच चित्र. अ‍ॅप बनवणाऱ्यानं त्यातल्या रस्त्यांची आणि ठिकाणांची वेगळी यादी दिली नाही, तर या सोयींना तिथे नुसती भिंत लागते.

अ‍ॅपल मॅप्समध्ये ती यादी दिली आहे. व्हॉइसओव्हर चालू असताना नकाशावर बोट फिरवलं की खालचा रस्ता किंवा ठिकाण बोललं जातं. रोटर (पडद्यावर दोन बोटं चकतीसारखी फिरवून पर्याय निवडायची सोय) ‘झूम’वर आणून एक बोट वर किंवा खाली सरकवलं की नकाशा जवळ-लांब होतो. तीन बोटांनी सरकवलं की नकाशा सरकतो. रोटर ‘पॉइंट्स ऑफ इंटरेस्ट’वर ठेवला तर दिसणारी ठिकाणं एकेक करून ऐकू येतात. आणि सर्वांत मोलाची सोय ही: रस्त्यावर बोट टेकवून धरा, ‘पॉज टु फॉलो’ असं ऐकू येईपर्यंत थांबा, मग बोट पुढे न्या. रस्त्यावर असेपर्यंत एक सूर ऐकू येतो, बोट रस्त्यावरून भरकटलं की तो चढतो. घराबाहेर पडण्याआधी टेबलाशी बसून रस्त्याचं वळण बोटाला कळतं. गुळगुळीत काचेवर उठावाचा नकाशा वाचल्यासारखंच ते. अशी सोय प्रत्येक नकाशात असायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अँड्रॉइडवर गूगल मॅप्समध्ये चित्र सोडून द्या आणि यादीचा मार्ग धरा. शोधपेटीत ठिकाण, दोनदा टिचकी, ‘दिशानिर्देश’, ‘चालत’, आणि मग ‘पायऱ्या’. इथे प्रत्येक वळण वेगळ्या ओळीत येतं आणि टॉकबॅक ते नीट वाचतो. टॉकबॅकमध्ये एका बोटाच्या खुणा टॉकबॅक स्वतःकडे घेतो, म्हणून काही सरकवायचं असेल तर दोन बोटं वापरा. गूगलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये चालणाऱ्यांसाठी ‘तपशीलवार आवाजी मार्गदर्शन’ आणलं: मोठा चौक येतोय, वाट चुकलात, एवढ्या अंतरावर वळण आहे, हे ते वाटेत सांगत राहतं. सुरुवात अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत झाली. तुमच्या फोनवर सेटिंग्ज, नेव्हिगेशन, चालण्याचे पर्याय इथे ते दिसतं का पाहा.

मराठी नावांपाशी वाचन अडत असेल तर फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला नसतो. अँड्रॉइडवर ‘टेक्स्ट टु स्पीच’ सेटिंगमध्ये ‘व्हॉइस डेटा इन्स्टॉल करा’ इथून मराठी घ्या. इंग्रजी आवाज देवनागरी नाव बरेचदा गाळूनच पुढे जातो.

आता भरवशाचं. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतं. ही आकडेवारी मैदानातली. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि चूक वाढते. त्यामुळे तुम्ही रस्त्याच्या डाव्या कडेला आहात की उजव्या, हे नकाशाला कळतच नाही. उपग्रहांचा संदेश ज्या वारंवारितांवर येतो, त्यातल्या एल१ बरोबर एल५ ही घेणारे फोन अशा ठिकाणी कमी चुकतात. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या व्यवस्थेतल्या उपग्रहांचा संदेशही एल५वर येतो. फोन घेताना तपशिलात हे पाहून घ्या.

दिशेचाही एक घोटाळा असतो. उभं असताना जीपीएसला तुमचं तोंड कुणीकडे आहे ते कळत नाही, फोन होकायंत्रावर अवलंबून राहतो, आणि चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर ते बिघडवतं. असं कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठसारखा दोन-तीनदा फिरवा. निघताना दहा-पंधरा पावलं सरळ चाला, मग सूचना ऐका. चालू लागलं की दिशा हालचालीवरून ठरते आणि फोन खिशात असला तरी चालतो. दोन्ही कान बुजवणारे इअरफोन नकोत. गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन घ्या, कान रस्त्यासाठी मोकळे राहतात. उघडा चर, अर्धवट खणलेला पदपथ, मधोमध लावलेली मोटारसायकल नकाशावर नसते. ती पांढऱ्या काठीलाच कळते.

प्रश्न (ठाणे) : मला लाल-हिरवा फरक कळत नाही. रहदारीच्या रेषा सगळ्या सारख्याच वाटतात.

उत्तर : रंगांच्या नादी न लागता मिनिटं वाचा. दिशानिर्देश मागितले की प्रत्येक मार्गावर लागणारा वेळ आकड्यात येतो, तुलनेला तो पुरतो. रेषाच पाहायच्या असतील तर अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘रंग सुधारणा’ आणि आयफोनवर ‘कलर फिल्टर्स’ आहेत. लाल मंद दिसणाऱ्यांसाठी आणि हिरवा मंद दिसणाऱ्यांसाठी वेगवेगळे पर्याय असतात. दोन्ही लावून, ओळखीच्या रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत ताडून पाहा. याचा शॉर्टकट ठेवा, नाहीतर फोटोंचे रंगही बदललेले राहतील.

प्रश्न (बेळगाव) : वडिलांना कमी ऐकू येतं. हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ यातला पहिला तुकडाच गळतो, नुसतं ‘-कडे वळा’ ऐकू येतं!

उत्तर : हा गळलेला तुकडा धोक्याचा आहे, लगेच बंदोबस्त करा. वीज वाचवायला ब्लूटूथ संच मधल्या वेळात झोपतो आणि सूचना आली की जागा होईपर्यंत पहिला शब्द निघून जातो. गूगल मॅप्समध्ये सेटिंग्ज, नेव्हिगेशन इथे ‘ब्लूटूथ फोन कॉल म्हणून प्ले करा’ चालू करून बघा. त्यानं संच आधी जागा होतो. मग ‘चाचणी आवाज’ दाबून खात्री करा. मार्गदर्शनाचा आवाज ‘मोठा’ ठेवा, आणि आवाजाच्या यादीतून मराठी निवडा; कमी ऐकणाऱ्याला रोजच्या भाषेतला शब्द अर्धवट ऐकूनही ओळखता येतो. अ‍ॅपल वॉच असेल तर वळणाआधी मनगटावर ठोके येतात, डाव्या-उजव्याचे वेगवेगळे. अजिबात ऐकू न येणाऱ्यांनाही ते चालतात.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर जिल्ह्यातल्या ग्रंथालयांचा नकाशा टाकतोय, साधारण ७०० ठिकाणं. फोनवर फार रखडतो. शिवाय पान वर सरकवताना बोट नकाशात अडकतं.

उत्तर : ७०० पिना म्हणजे ब्राउझरसाठी ७०० वेगळे घटक, नकाशा हलला की सगळे हलवावे लागतात. लीफलेट (पानात नकाशा बसवणारं तयार कोड) वापरत असाल तर पिनांचे पुंजके करणारी जोडणी लावा, लांबून पाहताना दहा-वीस आकडेच दिसतील. नाहीतर पिनांऐवजी साधी वर्तुळं घ्या आणि ती कॅनव्हासवर, म्हणजे सगळी मिळून एकाच चित्रात, काढायला सांगा. लीफलेटमध्ये हा पर्याय नकाशा तयार करतानाच द्यायचा असतो आणि तो वर्तुळ-रेषांनाच लागू होतो, चित्राच्या पिनांना नाही.

बोट अडकण्यावर उपाय म्हणजे नकाशा दोन बोटांनीच हलेल असं करणं. मॅपलिब्रे (लीफलेटसारखंच दुसरं साधन) आणि गूगल या दोन्हींत ती सोय तयार आहे. पण मग अधिक-उणे बटणं ठेवलीच पाहिजेत, नाहीतर वरच्या पत्रातल्या आईंसारख्यांना तुम्ही बाहेर ठेवता. वेब सुगम्यतेच्या मानकात, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, २०१८च्या आवृत्तीपासून हेच आहे: अनेक बोटांनी होणारं काम एका बोटानंही झालं पाहिजे. २०२३च्या आवृत्तीत ओढण्यालाही पर्याय द्यायला सांगितला आहे आणि बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं हवं. आम्ही म्हणू, अँड्रॉइडचा ४८चा दंडक पाळा, तो साधारण ९ मिलिमीटर भरतो, म्हणजे बोटाच्या टोकाएवढा.

देवनागरीची चाचणी सुरुवातीलाच घ्या. मॅपलिब्रेसारख्या, नावं स्वतः काढणाऱ्या नकाशांत ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं मोडण्याची अडचण जुनी आहे. ‘चिंचवड’ आणि ‘ज्योतिबा’ हे दोन शब्द टाकून बघा. ‘चि’ची वेलांटी ‘च’च्या उजवीकडे गेली, किंवा ‘ज्यो’चा पाय मोडून दिसला, तर नावं ब्राउझरच्याच मजकुरात दाखवा. ब्राउझर ती बरोबर जुळवतो. ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश नकाशावर दिसू द्या, आणि वापर वाढला तर त्यांच्या स्वयंसेवी सर्व्हरवरून तुकडे न घेता दुसरी व्यवस्था करा, त्यांचा तसा नियम आहे.

आणि नकाशाखाली ७०० ग्रंथालयांची साधी यादी द्या, तालुक्याप्रमाणे, पत्त्यासकट. टॉकबॅक वापरणाऱ्याला तीच लागेल. नेटवर्क नसलेल्यालाही तीच आधी दिसेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मी व्हीलचेअर वापरते. नकाशावर ‘व्हीलचेअरसाठी प्रवेश’ अशी खूण बघून गेले की दारात पायरी असते. ही माहिती कोण भरतं? आणि दुरुस्त कशी करायची?

उत्तर : दुकानमालक भरतो किंवा येणारा-जाणारा. मोजून पाहायला कुणी येत नाही. मालकाच्या नजरेला एक पायरी म्हणजे काहीच नसतं, म्हणून तो प्रामाणिकपणे ‘हो’ लिहून टाकतो.

पाहण्याची सोय आधी चालू करा. गूगल मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ खाली ‘प्रवेशयोग्य ठिकाणं’ आहे. ते चालू केलं की व्हीलचेअरची खूण ठिकाणाच्या नावापाशीच दिसते. बस-मेट्रोचा मार्ग शोधताना पर्यायांत ‘व्हीलचेअर’ निवडता येतं, पण त्या परिवहन संस्थेनं आपल्या वेळापत्रकाच्या माहितीत ते भरलेलं असेल तरच त्याला अर्थ आहे.

आमचा जास्त भरवसा व्हीलमॅप या व्हीलचेअरसाठीच्या नकाशावर आहे, कारण तिथे ‘हो’ म्हणजे काय ते ठरवून दिलं आहे. बर्लिनच्या सोझियालहेल्डन या संस्थेनं २०१० मध्ये तो सुरू केला आणि माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जाते. हिरवा ठिपका म्हणजे दारात आणि आतल्या खोल्यांत एकही पायरी नाही. पिवळा म्हणजे दारात फार तर एक पायरी, तीही साधारण ७ सेंटिमीटरपर्यंत, आणि मुख्य खोल्या सपाट. बाकी सगळं लाल. आपल्याकडचे बरेच ठिपके करडे आहेत, म्हणजे कुणी माहितीच भरलेली नाही. अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट नावाचं अ‍ॅप आहे. ते रस्त्यावर उभं राहून साधे प्रश्न विचारतं आणि उत्तर थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नेतं. सोबत येणाऱ्या मैत्रिणीला किंवा भाच्याला ते काम द्या.

भरताना मोजून भरा. लागतो तो एक टेप आणि फोन. पायरीची उंची, दाराची मोकळी रुंदी (९० सेंटिमीटर असावी) आणि उतार. उताराचं प्रमाण १:१२ मानतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. दारात टाकलेली ६० सेंटिमीटरची फळी त्याच पायरीला १:४ पडते, त्यावर खुर्ची मागे उलटते. टेप नसेल तर आयफोनच्या ‘मेझर’ अ‍ॅपमधली पातळी वापरा, अँड्रॉइडवर पातळी मोजणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. फोन उताराच्या दिशेनं रॅम्पवर ठेवा. ५ अंशांच्या आत असेल तर प्रमाण पाळलेलं आहे. ७ अंश म्हणजे १:८, मागून कुणी ढकलावं लागेल. १४ अंश दिसले तर ती फळीच समजा आणि ‘नाही’ भरा.

पदपथाची कडही नोंदवता येते. रस्त्याशी सपाट, साधारण ३ सेंटिमीटरपर्यंत उतरवलेली, आणि उंच, असे तीन प्रकार ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहेत. दुकान कितीही सपाट असलं तरी समोरची कड उंच असली तर तिथे पोचता येत नाही, म्हणून ही नोंद चुकवू नका. प्रवेश मागच्या दारानं असेल तर ते दार नकाशावर वेगळं दाखवा, आणि त्याला एरवी कुलूप असतं की कसं, किल्ली कुणाकडे असते, तेही टिपणात लिहा.